माळ्यावरचा तांदूळ

भात ढवळून ढवळून नेत्राचा हात भरून आला होता. इटलीचा भात असाच करायचा असतो, गरम पाणी पळीपळीने घालायचं आणि ढवळत राहायचं. पण हा भात नुसता पाणी पीत सुटला होता. मोबाइलवरची बाई अठरा मिनिटं म्हणाली होती, इथे पाऊण तास होत आला.

दर रविवारी एक देश, हा नेत्राचा नेम. फ्रिजवर जगाचा नकाशा चिकटवलेला, आणि जो देश शिजून झाला त्याच्यावर एक लाल टिकली. आजवर अकरा टिकल्या लागल्या होत्या. सासूबाई, म्हणजे कौसाबाई, सगळे देश मुकाट्याने जेवायच्या, फक्त शेजारी सुकटीची चटणी लागायची. जपान त्यांना कच्चा वाटला होता, मेक्सिको बरा.

आज मात्र वास येताच त्या आतल्या खोलीतून उठून आल्या. पातेल्यात वाकून पाहिलं.

"यो तांदूल कुठशी काढलास गो?"

"माळ्यावरच्या पितळी डब्यातून, आई. भाकरीच्या पिठाचा जाडा असेल म्हणून घेतला. बारीक तांदळाचं हे होत नाही ना."

"सगला?"

"होताच दोन वाट्या."

कौसाबाईंनी ओट्यावरचा रिकामा डबा उचलला. तळाशी कडुनिंबाचा वाळका पाला तेवढा राहिला होता. तो त्यांनी बोटाने चाळून पाहिला. एक दाणा नव्हता.

"आपले शेतानचा होता," त्या म्हणाल्या. "शेवटचे सालचा."

ते शेत नेत्राने कधी पाहिलंच नव्हतं. अमितशी लग्न होऊन ती पालेगावात आली, तेव्हा शेतात या बिल्डिंगचे खांब उभे राहिले होते. आता त्याच शेतावर, चौथ्या मजल्यावर, ती जगभरचं शिजवत होती. तिने गॅस बंद केला. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही.

"आई, मला खरंच माहीत नव्हतं. कशासाठी ठेवला होतात?"

कौसाबाईंनी रिकामा डबा परत ओट्यावर ठेवला. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"तांदूल पेरून उगवतो काय?" त्या म्हणाल्या. "खायालाच ठेवलेला. पन खाल्ला का शेत संपला, म्हून हात जाये नाय." मग त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. "गॅस कनाला बंद केलास? लाव. जुना तांदूल हाय, पानी वढनारच."

पळी त्यांनीच हातात घेतली. भात शिजेपर्यंत ती परत दिली नाही. नेत्राने वरून चीज किसलं, तेही त्यांनी ढवळून घेतलं.

ताट घेतल्यावर नेत्राने सवयीने चटणीची बरणी पुढे केली. कौसाबाईंनी ती बाजूला सारली. नुसता भात खाल्ला, सावकाश, आणि ताट बोटाने पुसून घेतलं.

जेवणं झाली. नेत्राने टिकल्यांचं पाकीट काढलं आणि तशीच नकाशासमोर उभी राहिली.

"लाव की," कौसाबाई म्हणाल्या.

"हा इटलीचा कुठे होता, आई?"

"मंग आपला पालेगाव कुठं हाय यान?"

"एवढं छोटं गाव यात नसतं. साधारण इथे असेल." नेत्राने मुंबईच्या किंचित वर बोट ठेवलं.

कौसाबाईंनी पातेल्याच्या कडेला राहिलेलं एक शीत उचललं. नेत्राचं बोट हलवलं आणि तिथे ते शीत अंगठ्याने दाबून बसवलं.

"सुकला का निघनार नाय," त्या म्हणाल्या.