झाकलेलं नाव

१९३८ सालात आमगावात बसून आफ्रिकेच्या अभ्यासाचं त्रैमासिक काढणाऱ्या शालीकराम गुरुजींचा एक नियम होता. जाणकारानं तपासल्याशिवाय लेख छापायचा नाही, आणि लेख कोणाचा हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आता सगळ्या पंचक्रोशीत आफ्रिकेवरची पुस्तकं वाचलेलं दुसरं माणूस म्हणजे त्यांचीच बायको, अनुसयाबाई. म्हणून या खेपेला स्वतःचा लेख गुरुजींनी दुसऱ्याच्या अक्षरात उतरवून घेतला, नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि साळसूदपणे तिच्या हाती दिला.

संध्याकाळी ते शाळेतून आले तेव्हा ती चुलीपुढं लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती. सण नाही, पाहुणा नाही. पण गुरुजींचा सगळा जीव लेखात अडकलेला.

"वाचला का तो लेख?"

"वाचला. परत पाठवा."

"काऊन?" गुरुजी टोपी न काढताच चुलीजवळ आले.

"आफ्रिकेत काय नुसते राजेच रायतेत? शेत कोन करते, बाजार कोन भरवते? लेखकाले एक बाई दिसली नाही. पुन्हा लिव्हा म्हना त्याले."

"अवो, वर्षभर खपला असन बिचारा. किती वाईट वाटन त्याले!"

"वाटनच," असं म्हणत अनुसयाबाईनं गरम वड्यांचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. "म्हनून तं वडे तळून रायली."