रिकामी चौकट

वाचनालयाची वेबसाइट बनवणाऱ्या तिला सभासदत्वाचा फॉर्म फ्रेमवर्कने, म्हणजे कोडच्या तयार साच्याने, चुटकीसरशी तयार करून दिला. तपासणीत मात्र चुका निघाल्या. प्रत्येक चौकटीचं नाव शेजारी दिसत होतं, पण कोडमध्ये ते चौकटीला जोडलेलंच नव्हतं.

"दिसायला झकास आहे ना? आत कोण डोकावतंय," असं म्हणून तिने तो तसाच वेबसाइटवर चढवला.

तिच्या नजर गेलेल्या सासऱ्यांना वाचनालयातली बोलती पुस्तकं हवी होती, आणि फॉर्म स्वतःच भरायचा होता. पडद्यावरचं सगळं फोन त्यांना वाचून दाखवायचा. रविवारी ती चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली, तर फोन एकाच सुरात म्हणत होता, "रिकामी चौकट. रिकामी चौकट." नाव कुठे लिहायचं, पत्ता कुठे, काहीच सांगत नव्हता. सासरे कपाळाला आठ्या घालून पडदा चाचपत होते. तिने वाकून पाहिलं. तो तिचाच फॉर्म होता.

तिची चाहूल लागताच त्यांनी फोन उशीखाली सरकवला.



"ऑफिसात बोलू नकोस हं, सूनबाई. वेबसाइट बनवणारीच्या सासऱ्याला साधा फॉर्म भरता येत नाही म्हणतील."