राखीव बरणी

"ताई, बरणीत काळं निघू दे गं," धाकटा भाऊ तिच्या कानाशी पुटपुटला. "काळं निघालं तरच मी सुटतो."

प्रयोगशाळेच्या टेबलावर लाखेने तोंड बंद केलेली बरणी होती आणि भोवती चार माणसं उभी होती. कारखान्याचे मालक, बंदरावरून आलेला तपासनीस, हमालांचा मुकादम असलेला हा ताईचा भाऊ, आणि ताई स्वतः. बरणीत किलोभर बटाट्याचा स्टार्च होता. कारखान्यात त्याला सगळे नुसतं पीठच म्हणत.

झालं होतं असं. बारा कंटेनर पीठ समुद्रापलीकडच्या एका औषधाच्या कंपनीला गेलं होतं, गोळ्या बांधायला. तिथून निरोप आला की पिठात काळे कण आहेत, माल परत न्या. "भाव पडला की गिऱ्हाइकाला बरोबर काळे कण दिसायला लागतात," म्हणत मालकांनी आधी ते हसण्यावारी नेलं. त्यांचं तरी काय चुकलं? दुसऱ्या दोन देशांत यंदा बटाटा उदंड पिकला होता आणि तिथलं पीठ निम्म्या भावात मिळत होतं. पण मग फोटो आले. फोडलेली पोती, पांढरंशुभ्र पीठ, आणि त्यात मिऱ्याची भरड सांडावी तसे सालीचे कण. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

अशा भांडणाचा निकाल लावते ती राखीव बरणी. माल निघण्याआधी पोत्यापोत्यांतून थोडं थोडं पीठ काढायचं, एकत्र करायचं, अर्धं तपासायला द्यायचं आणि अर्धं बरणीत भरून, लाख लावून वर्षभर कपाटात ठेवायचं. सव्वीस वर्षं हे काम एकट्या ताईचं. तिच्या बरणीवर विकणारा आणि घेणारा, दोघेही डोळे मिटून भरवसा ठेवत. आता बरणीत काळं निघालं, तर दोष कारखान्याचा. बरणी स्वच्छ निघाली, तर माल वाटेत कुणीतरी बदलला, आणि वाटेत माल होता मुकादमाच्या ताब्यात. पोलिसांत द्यायची फिर्याद लिहून तयार होती. फक्त सही राहिली होती.

"मालक, सहा महिने सांगतोय मी," भाऊ पुन्हा म्हणाला. "मोठ्या चाळणीची जाळी फाटलीय. पोती भरताना माझ्या माणसांना दिसतं."

"जाळी फाटली असती तर ताईंच्या नमुन्यात आलं नसतं? दर महिन्याला बघतो मी. एक ठिपका नसतो. उगाच कशाला बदलू चाळणी?"

काळं निघालं तर तपासायला दिलेला ताईचा स्वच्छ नमुना खोटा ठरून तिचं सव्वीस वर्षांचं नाव गेलं. नाही निघालं तर हा गेला, ज्याला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याची दोन लेकरं शाळेत होती. इकडून बघा नाहीतर तिकडून, फास तिच्याच गळ्याला होता.

ती होतीच तशी काटेकोर. डाळ निवडायला बसली की रंग उतरलेला दाणासुद्धा बाजूला काढायची. तिच्याकडे जेवायला गेलो तर तिचं निवडणं संपेपर्यंत भूक मरून जाते, असं भावाने कारखानाभर सांगून ठेवलं होतं. कोटाच्या खिशात तिचा चिमटा कायम असायचा. कुणाच्या बोटात सल गेली की लोक दवाखान्याआधी तिच्याकडे यायचे.

तपासनिसाने लाख फोडली. काचेवर पीठ ओतून सपाट केलं, भिंग लावलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश बघत गेला. पुन्हा एकदा गेला.

"शून्य," तो म्हणाला, आणि कागदावर लिहिलं. "असा नमुना मी पाहिला नाही."

खोटं कशाला सांगा, क्षणभर ताईला बरं वाटलं. मग तिने भावाकडे पाहिलं. तो रागावला नव्हता. खाली मान घालून उभा होता.

"घरी तूच सांग, ताई," तो म्हणाला. "मला जमायचं नाही."

मालकांनी फिर्याद टेबलावर ठेवली आणि पेन उघडलं. तपासनीस बरणी उचलायला गेला, तेव्हा बरणीच्या तोंडाला राहिलेला लाखेचा एक कपचा सुटून काचेवरच्या पिठात पडला.

कुणाचं लक्ष जायच्या आत ताईचा हात खिशात गेला होता. चिमटा बाहेर आला, कपचा टिपला गेला, बाजूला ठेवला गेला.

तपासनीस हसला. "राहू द्या हो, ती लाख आहे. माझं मोजून झालंय."

ताईचा हात तसाच राहिला, काचेवर, चिमट्यासकट. ती त्या हाताकडे बघत होती. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. पाहुण्याला पाणी देताना आपण पेला पुसून देतो, ते काय कुणाला सांगत बसतो? तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

"सही करू नका, मालक," ती म्हणाली. "बरणीत काळं निघेल कुठून? मी नमुना निवडूनच भरते."