बुद्धपौर्णिमेची भिक्षा

“पात्र विहारातच ठेवा, भंते. आमच्या गल्लीत ते नको,” यल्लाप्पा दारात आडवे उभे राहून म्हणाले.

भंते विमलो ऐकणार नव्हते. पंचविशीचे हे थाई भिक्खू नागपुरात राहून मराठी शिकले होते आणि धम्माच्या प्रसारासाठी नुकतेच हुबळीच्या या मराठी-कन्नड बोलणाऱ्या वस्तीत आले होते. आज बुद्धपौर्णिमा. आज दारोदार भिक्षा मागायची, पात्रात पडेल तेवढंच खायचं, तेही दुपारी बाराच्या आत. नाही मिळालं तर उपाशी राहायचं, असं व्रत त्यांनी गुरूंसमोर घेतलं होतं. यल्लाप्पा विहार समितीचे अध्यक्ष. उभी हयात रेल्वेत काढलेला माणूस. पण तरुण भिक्खूच्या हट्टापुढे त्यांचं काही चालेना.

“माझ्या गावी आज माझी आई पहाटेपासून भात घेऊन रस्त्यावर उभी असेल,” भंते आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले. “दानाचे पुण्य तुमच्या लोकांना का नको?”

“तसं नाही हो, भंते. पुण्याचा प्रश्न नाही की...”

पुढचं ऐकायला भंते थांबलेच नाहीत.

वस्ती नटली होती. दारोदारी पंचशील ध्वज, बायकांच्या अंगावर पांढऱ्या साड्या, घराघरांतून खिरीचा वास. भंते एकेका दारासमोर नजर खाली घालून उभे राहिले. माणसं बाहेर आली, गुडघे टेकून पाया पडली. “आत या, भंते. बसा. जेवा,” म्हणाली. पण पात्रात कुणी शीतसुद्धा घातलं नाही. शाळेत शिकवणारी गौतमी तर हात जोडून रडवेली झाली. “मागू नका, भंते. घर तुमचंच आहे.” दोन-चार घरांनी त्यांना लांबूनच पाहून दार लावून घेतलं.

गल्ली संपली. पात्र रिकामंच. भंतेंना राग आला. भिक्खूला राग येऊ नये म्हणतात, पण आला. नाव बुद्धाचं घ्यायचं, झेंडे लावायचे, आणि मूठभर भात हातून सुटत नाही! असल्या लोकांना काय धम्म शिकवायचा?

ते तडक मोठ्या रस्त्यावर आले. कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानाच्या मालकानं त्यांना हाक मारली. त्यानं दोन केळी घेतली, हात चांगला उंच धरला आणि वरून पात्रात सोडली. मग दुकानात बसलेल्यांकडे वळून तो कन्नडमध्ये काहीतरी बोलला. सगळे खो खो हसले. भंतेंना कन्नड येत नव्हतं. त्यांनी मनोभावे आशीर्वाद दिला आणि गल्लीच्या तोंडाशी जमलेल्या वस्तीला दिसावं म्हणून पात्र उंच केलं. बघा! परक्यानं दिलं, तुम्ही नाही दिलंत.

गर्दीतून लक्कव्वा पुढं आली. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई. तिनं थेट पात्रात हात घातला आणि केळी बाहेर काढली. भंते दचकून मागे सरले. भिक्खूच्या पात्राला बाई असा हात लावत नाही. लक्कव्वानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दुकानाची पायरी चढून तिनं केळी मालकापुढं टेबलावर ठेवली.

“मागायची सवय अजून गेली नाही म्हणालास न्हवं?” ती भंतेंनाही कळावं म्हणून मुद्दाम मराठीत म्हणाली. “तुझी केळी तू खा. आमच्या भंतेंचं जेवण वस्तीत तयार आहे.”

मालक हसायचा थांबला. लक्कव्वा खाली उतरली. “चला, भंते.”

विहाराच्या अंगणात पंगत बसली होती. भंते बसले, कारण लक्कव्वाला नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. ताट वाढलं गेलं. पण त्यांनी त्याला हात लावला नाही. व्रत म्हणजे व्रत. भंतेंच्या आधी पंगतीत कोण जेवणार? सगळेच हात आवरून बसून राहिले. खीर गार व्हायला लागली. बारा वाजत आले. यल्लाप्पा एकदा घड्याळाकडे, एकदा भंतेंकडे बघत होते.

“अज्जी,” भंते शेवटी म्हणाले, “भगवान बुद्ध राजपुत्र होते. तेही पात्र घेऊन लोकांच्या दारात उभे राहिले. तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठ्या आहात का?”

लक्कव्वा खिरीचं पातेलं खाली ठेवून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“आमची आई कलघटगीकडच्या खेड्यात रोज भाकरी मागायला जायची. शिवाशिव नको म्हणून लोक वरनं टाकायचे. खाली पडलेली पुसून आम्ही खायचो. धम्म घेतला त्या दिवशी आईनं जाणं बंद केलं. घरात चूल पेटली नाही, आम्ही पोरं रडून झोपलो, पण ती गेली नाही.”

“पण बुद्धांनी स्वतः...”

“बुद्धांकडं राज्य होतं, भंते. त्यांनी राज्य सोडलं. आमच्याकडं सोडायला भीक तेवढी होती. आम्ही ती सोडली.”

आल्यापासून रोज संध्याकाळी भंते याच लोकांना त्याग म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

त्यांनी ताट पुढं ओढलं आणि व्रत मोडलं.