खांद्यावर हात

"बाळ रडलं, तर तुम्ही तिथूनच मागे फिरायचं. कबूल?" वनचौकीच्या अंगणात वाटाडी म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती.

"कबूल," आई म्हणाली आणि पाठीवरच्या झोळीचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. चिमी झाल्यापासून डोंगर तिने फक्त खिडकीतून पाहिला होता. आता कड्याखालच्या वाटेपर्यंत पोचायचं होतं, रानबकऱ्या जिथे उतरतात तिथवर. झोळीतली चिमी पायातला लाल मोजा काढून मनापासून चघळत होती. आईने तो पुन्हा घातला. चिमीने पुन्हा काढला.

"वर कुणी बोलायचं नाही," वाटाडी सगळ्यांना सांगू लागली. "काही दिसलं, की पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. त्याने त्याच्या पुढच्याच्या. माझ्यापर्यंत हात आला, की सगळे थांबू. आणि ज्याला आधी दिसेल, तो परतताना माझ्यामागे पहिला. ही आमची इथली रीत."

अंगणातच सराव झाला. चिमीला तो खेळच वाटला. तिने आईच्या खांद्यावर दोन्ही हातांनी दणादण मारून घेतलं.

"तान्हं मूल घेऊन जंगलात!" गळ्यात दुर्बीण अडकवलेले काका पुटपुटले. "आज शेपूटसुद्धा दिसायचं नाही."

"एरवी तरी काय दिसतं हो तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "गेल्या खेपेला एका दगडाला अस्वल म्हणून बघत बसला होतात."

"तो हलला होता!"

"दगड नाही. तुमचा हात."

वाटाडी, काका, काकू, आईचा नवरा आणि सगळ्यात मागे ती स्वतः, अशी रांग निघाली. आई मागे, म्हणजे फिरायची वेळ आली तर कुणाचा खोळंबा नको.

कड्याखालची वाट लागली आणि बोलणं थांबलं. वारा तेवढा गवतातून सळसळत होता. आईचे पाय जुनी वाट ओळखल्यासारखे आपोआप पडत होते. पिंढऱ्या दुखत होत्या आणि ते दुखणंही तिला आवडत होतं. चिमीला झोप लागली होती. अशीच राहू दे, आणखी थोडा वेळ.

"ऊं," चिमी जागी झाली.

पुढच्या सगळ्या पाठी ताठ झाल्या. काकांची मान तर जास्तच. नवरा मागे वळला, तिच्या कानाशी आला. "मी उतरतो तिला घेऊन. तू जा."

"तुझ्याकडे दूध आहे?"

तो पुन्हा पुढे चालू लागला.

चिमी रडली नाही. आईच्या खांद्यावर तिचा तळवा टेकला. उचलला, पुन्हा टेकला. सावकाश. आई रोज तिला थोपटते, अगदी तसा. मला कशाला झोपवतेस गं बाई, आईला हसू आलं. पण थोपटणं थांबेना. आणि एकदम तिला अंगण आठवलं.

तिने मान वळवली.

ज्या वाटेने ते नुकते आले, त्याच वाटेवर रानबकरीचं एक करडू उभं होतं. तोंडात चिमीचा लाल मोजा. मागे त्याची आई.

चिमीच्या आईने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. परत जायचं म्हणून ती सांगते आहे असं वाटून त्याचा चेहरा पडला. मग त्याने पाहिलं. त्याचा हात काकूंच्या खांद्यावर गेला, काकूंचा काकांच्या. काका दुर्बिणीतून समोरच्या कड्यावर नजर फिरवत होते. त्यांनी माशी झटकावी तसा हात झटकला. काकूंनी मग चिमटाच काढला. दुर्बीण डोळ्यांना लावलेली तशीच ठेवून काका गर्रकन वळले. त्यांना नुसतं लाल दिसलं. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि ती परत वर न्यायचं त्यांना सुचलंच नाही.

करडाने मोजा ओढून पाहिला, चावला, हुंगला आणि सणसणीत शिंक दिली.

चिमी हसली. पोट धरून हसावं तशी, खळखळून. हसू कड्यावर आपटून परत आलं, तेव्हा ती आणखी हसली.

बकरीने मान वर केली. चिमीकडे पाहिलं, मग चिमीच्या आईकडे. बराच वेळ. मग तिने करडाला मागून नाकाने हलकेच ढकललं. मोजा खाली पडला. दोघं कड्यावर चढून गेली, जिथे वाट नव्हतीच, तिथून. घाई न करता.

वाटाडी रांगेच्या टोकाकडून मागे आली.

"रडली नाही ती," आई घाईघाईने कुजबुजली. "हसली."

वाटाडीने ओठ दाबून धरले, पण डोळ्यांना ते जमलं नाही. "हसण्याबद्दल मी काही बोलले नव्हते," ती म्हणाली. "आता उतरताना तुम्ही पुढे."

उतार लागल्यावर जरा वेळाने आईच्या खांद्यावर हात पडला. ती जागच्या जागी थांबली. कडा पाहिला, झुडपं पाहिली. कुठेच काही नव्हतं.

मागे काका होते, धापा टाकत. त्यांच्या हातात लाल मोजा.

"इथे काही टाकून जायचं नाही, असा नियम आहे," ते दबक्या आवाजात खेकसले आणि स्वतःच चिमीच्या पायात मोजा चढवू लागले. बोटं जाड, पाय इवलासा. वेळ लागला. काकूंनी त्यांची लोंबती दुर्बीण बाजूला धरली.

या वेळी चिमीने मोजा काढला नाही. करडाने त्याच्या टोकाला भोक पाडलं होतं. त्यातून तिचा अंगठा बाहेर आला होता, आणि तो हलवून बघण्यात ती उतार संपेपर्यंत रमली.