कुसुममावशीची कोयरी

चंडीमंदिरच्या लष्करी क्वार्टरात रागिणीबाई मोबाईलवर भरतकामाचे फुकटचे नमुने शोधायच्या, पण जायच्या एकाच पेजवर, लेक कश्मिराच्या. पोरगी इथंच आयटी पार्कात नोकरीला, फावल्या वेळात पेजवर नमुने द्यायची. बाईंच्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून बाईंनीच तिला दार बंद केलेलं. आता कुठल्या तोंडानं हाक मारणार? मग ‘कुसुममावशी’ असं खोटं नाव घेऊन लेकीकडे नमुने मागायच्या.

परवा भरलेल्या कोयरीचा फोटो पाठवला, तर लेकीचं लगेच उत्तर आलं, “अय्या मावशी, कसला सुरेख साखळीटाका! अगदी माझ्या आईसारखा हात आहे हो तुमचा.”

बाईंना हुंदका आवरेना. तरी लिहून विचारलं, “कुठं असते गं आई?”



“ती गेली हो, माझ्या लग्नाआधीच.”