सदतीस वेळा चूक

"माऊस बिघडलाय का हो तुमचा?" वर्गात पाऊल टाकताच कस्तुरीने विचारलं. नमस्कार करायचा राहूनच गेला.

इलेक्ट्रॉनिक सिटीहून देवनहळ्ळी म्हणजे बेंगळुरूचं एक टोक ते दुसरं टोक. दोन बस आणि एक ऑटो करून ती शाळेत पोचली होती आणि वाटेत तिचे वरिष्ठ, रघुनंदन सर, यांचे तीन फोन झाले होते. दहावीच्या विज्ञानाचे व्हिडिओ बनवणं हे तिचं काम. व्हिडिओ चालता चालता थांबायचा, प्रश्न विचारायचा आणि बरोबर उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. सोमवारी त्यातला विजेचा धडा दोनशे शाळांत जाणार होता. त्याआधी दहा शाळांत चाचणी घेतली होती. नऊ शाळांचे आकडे छान होते. या एका शाळेने तिसऱ्या प्रश्नाला सदतीस वेळा चुकीचं उत्तर दिलं होतं.

"प्रश्न तरी काढ, नाहीतर शाळा तरी," सर म्हणाले होते. "आज संध्याकाळपर्यंत सांग."

त्या एका प्रश्नावर कस्तुरीचे तीन आठवडे गेले होते.

"माऊस चांगला आहे की," शिवलीला टीचर म्हणाल्या. त्या निपाणीच्या, कस्तुरी खानापूरची. त्यामुळे फोनवर पहिल्या दिवसापासून दोघींचं बोलणं मराठीतच. "बसा अक्का. स्वल्प पाणी तरी घ्या."

"पाणी राहू दे. हा धडा शिकवून झालाय ना?"

"मागच्याच महिन्यात."

"मग सदतीस वेळा? पर्याय चारच आहेत, टीचर. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चौथ्या खेपेला बरोबर येईल."

"शेवटचा तास मी पोरांवर सोडते. त्यांचं ते बघतात. त्यांनाच विचारा की."

पडद्यासमोर चाळीस मुलं-मुली दाटीवाटीने बसली होती. माऊस चंदना नावाच्या मुलीच्या हातात होता. कस्तुरीने कन्नडमध्ये सांगितलं, "नेहमी करता तसंच करा. मी नुसती बघते."

व्हिडिओ सुरू झाला. पडद्यावरच्या घरात स्वयंपाकघराचा दिवा गेला आणि तिसऱ्या प्रश्नाशी चित्र थांबलं. बाकीचे दिवे चालूच का राहिले?

चंदनाने कुणाला विचारलं नाही, विचारही केला नाही. दुसरा पर्याय दाबला. दिवे थोडी वीज साठवून ठेवतात.

लाल फुली आली. मग एक टेबल दिसलं, त्यावर बॅटरी, तीन छोटे दिवे आणि दोन हात. "असं वाटणं साहजिक आहे," आवाज म्हणाला. "पण साठवली असती तर आता काय झालं असतं, बघू या." हातांनी बॅटरी काढली. तिन्ही दिवे विझले. वर्गात कुणी हललं नाही.

प्रश्न परत आला. चंदनाने तिसरा पर्याय दाबला. पुन्हा फुली, पुन्हा तेच हात, आता तारा वेगळ्या जोडलेल्या. मग चौथा. मग परत दुसरा.

कस्तुरीचा धीर सुटला. "अगं, तुला उत्तर येत नाही का?"

"येतं, मॅडम. पहिलं. प्रत्येक दिव्याला वीज यायची वाट वेगळी असते."

"आणि तुम्हाला?"

चाळीस माना हलल्या.

"येतं तर दाबत का नाही? तिकडे तुमची शाळा यादीतून काढायला निघालेत. हा खेळ आहे का?"

चंदनाने टीचरांकडे पाहिलं. "सांग की, भितीस कशाला," शिवलीला म्हणाल्या.

चंदनाने पहिला पर्याय दाबला. हिरवी खूण उमटली, टाळ्यांचा कडकडाट झाला, शाब्बास अशी अक्षरं नाचली आणि पडद्यावर चौथा प्रश्न येऊन उभा राहिला. दोन सेकंदही लागले नाहीत.

"झालं," चंदना म्हणाली. "बरोबर आलं की टाळ्या वाजवून पुढे ढकलतात, मॅडम. चुकलं की कुणीतरी बसून समजावतं."

"उत्तर तर गाइडात पण मिळतं," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. "दिवे जोडलेले गाइडात नाहीत."

कस्तुरी जवळच्या बाकावर टेकली. चुकणाऱ्यांसाठीचे ते तीन तुकडे तिने घरच्या जेवणाच्या टेबलावर, मोबाइलवर काढले होते. कोण बघणार आहे ते, असं म्हणून रघुनंदन सरांनी स्टुडिओ दिला नव्हता. टाळ्यांच्या आवाजावर मात्र दोन मीटिंगा झाल्या होत्या.

"ते हात तुमचेच का?" चंदनाने तिच्या हातांकडे बघत विचारलं.

"माझेच."

"मग एक सांगा. सगळे दिवे वेगळ्या वाटेवर असले, तर कधी कधी अख्ख्या घराची वीज एकदम कशी जाते?"

प्रश्न चांगला होता. कस्तुरीने तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

"सापडलं का?" रघुनंदन सरांनी विचारलं. "नेमकं काय बिघडलंय? प्रश्न का शाळा?"

चंदना उत्तरासाठी थांबली होती. मागचेही उठून पुढे येऊन बसले होते.

"दोन्ही ठीक आहेत, सर," कस्तुरी म्हणाली. "बरोबर उत्तर बिघडलंय."